बेगमी पाण्याची

पहाटे ४.१०

मेच्या शेवटच्या आठवड्यात कर्जतमध्ये गजर लावावा लागत नाही, उकाडाच उठवतो. चहा उकळेपर्यंत मी ओसरीवर सामान लावून घेतो. घमेली, फावडी, दोन टिकाव, पहार, दोरखंड, बादल्या, नारळाच्या काथ्याचे ब्रश, गोणपाट, आणि एक लोखंडी टेप. टेप सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच नेमका कुणीतरी घेऊन जातं.

कागदावर माझा हुद्दा बराच लांबलचक आहे. वाड्यांवर मला ‘गाळवाले’ म्हणतात आणि तेच खरं. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या विहिरी, टाकी, तळी, ओढ्यातले छोटे बंधारे यांच्यातला गाळ मृगाच्या आत जितका निघेल तितका काढून घ्यायचा, हे काम. पगार एक छोटी संस्था देते. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत मला कुणी विचारत नाही. होळी झाली की फोन सुरू होतात.

पहाटे ५.४०

स्टेशनबाहेर डोंबिवलीची कॉलेजची पोरं उतरली. पाठीवर सॅक, डोक्याला भगवी फडकी, झोप डोळ्यांत. गडावर श्रमदान म्हटलं की पोरं मिळतात, हवी तितकी मिळतात. वाडीतल्या विहिरीचा गाळ म्हटलं की तीच पोरं परीक्षेचं कारण सांगतात. यात त्यांचा दोष नाही. गडाला इतिहास असतो, विहिरीला फक्त पाणी. म्हणून मी दोन्ही एकाच दिवसात बसवतो. सकाळी कोथळीगड, दुपारी खालची एक ठाकूरवाडी. वाडीचं नाव लिहीत नाही, टंचाईच्या यादीत ते आहेच.

टेम्पो कडावच्या दिशेने निघतो. वाटेत पेज नदी दिसते आणि पोरांपैकी एक जण दरवर्षीप्रमाणे विचारतो, “सर, नदी तर भरलीये. टंचाई कुठंय?”

प्रश्न रास्त आहे. पेजेला मे महिन्यात पाणी असतं ते पावसाचं किंवा झऱ्याचं नसतं. घाटमाथ्यावर आंद्रा नदी अडवून ठोकरवाडीचं धरण बांधलं, तिथलं पाणी बोगद्यातून आणि पोलादी नळांतून सुमारे अर्धा किलोमीटर खाली भिवपुरीच्या वीजघरावर सोडलं. ते १९२२ साल. जनित्र फिरवून झालं की ते पाणी पेजेत येतं. त्याच्या सात वर्षं आधी, १९१५ मध्ये, खोपोलीचं वीजघर सुरू झालं होतं. त्याच्या पाण्याने पाताळगंगा बारमाही झाली. म्हणजे मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती म्हणून आमच्या दोन नद्या उन्हाळ्यात वाहतात. राजनाल्याच्या कालव्यावर उन्हाळी भात होतं ते याच उरलेल्या पाण्यावर. नदीकाठी मे महिन्यात हिरवं शिवार, आणि तिथून मान वर केली की डोंगराच्या सोंडेवर वाडी, तिथे बाईच्या डोक्यावर हंडा. पाणी त्यांच्या घरावरूनच नळातून खाली गेलेलं असतं.

सकाळी ६.३०

आंबिवली. खालून पाहिलं तर कोथळीगडाचा सुळका सरळ उभा दिसतो. गावाजवळ चिल्लार नदीच्या काठी जुनं बौद्ध लेणं आहे. ज्यांना चढायचं नाही ते तिथेच थांबतात आणि फोटो काढतात. रोजंदारीवरची माणसं आधीच येऊन बसलेली. त्यांच्यात एक मावशी आहेत, साठीच्या पुढच्या, गाळ काढण्यात माझ्यापेक्षा दहापट हुशार. त्या सामानाकडे बघून म्हणाल्या, “दादा, बादल्या कमी आनल्यात.” आणि त्या नेहमीप्रमाणे बरोबर होत्या.

चढताना पोरं गडाचा इतिहास विचारत होती. मला येतो तेवढा सांगितला. पेठचा किल्ला हे त्याचं दुसरं नाव, संभाजीराजांच्या काळात इथे शस्त्रसाठा असे, १६८४ च्या नोव्हेंबरात तो मुघलांच्या हाती गेला, आणि परत घेण्याच्या प्रयत्नात नारोजी त्र्यंबक पडले. पण मला खरा रस आहे तो दुसऱ्याच गोष्टीत. असल्या सुळक्यावर मार्च ते जून शिबंदी काय पीत होती?

सकाळी ८.१५

भैरोबाच्या गुहेपाशी पोचलो. गुहेत कोरीव खांब, शेजारी पाण्याचं टाकं, आणि तिथूनच सुळक्याच्या पोटातून वर गेलेल्या पायऱ्या. पायऱ्या बघायला लोक येतात. टाक्यात लोक बाटल्या टाकतात.

कामाआधी मी पोरांना कातळापाशी नेऊन बसवतो, कारण हे कळल्याशिवाय फावडं मारण्यात अर्थ नाही. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. एक थर कठीण, अखंड, पाणी न झिरपणारा. त्याच्यावर किंवा खाली एखादा भुसभुशीत, छिद्रांचा. दोन थरांच्या मधे कधी गेरूसारखी लाल माती. पाणी भुसभुशीत थरातून उतरतं, कठीण थरावर अडतं आणि आडवं चालत कड्यावर बाहेर येतं. टाकं खोदणाऱ्याला ही रेघ वाचता येत होती. कठीण कातळात खोदायचं म्हणजे पाणी मुरणार नाही, आणि शक्य तिथे झऱ्याची रेघ गाठायची म्हणजे पाऊस संपल्यावरही थोडं थोडं येत राहील. बऱ्याच गडांवर टाक्याचं तोंड लहान ठेवून आत कातळाखाली पोकळी वाढवत नेलेली दिसते, छत तोलायला मधे कातळाचेच खांब सोडलेले. ऊन लागत नाही, वाफ कमी होते, शेवाळ कमी धरतं. निघालेला दगड तटाला. एका कामात दोन कामं.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अरबी वाळवंटातले नबातियन लोक हेच करत होते. डायोडोरस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने त्यांच्याविषयी लिहून ठेवलंय की जमिनीखाली ते मोठी टाकी खोदतात, तोंड अगदी लहान, आत मात्र रुंद. भरून झाली की तोंड बुजवून जमिनीसारखं करतात आणि फक्त आपल्याला कळतील अशा खुणा ठेवतात. शत्रू आला की वाळवंटात निघून जायचं. मागे लागलेला तहानेने परत फिरतो. पुढे याच लोकांनी पेट्रा वसवलं, डोंगरात कोरलेलं शहर, जिथे वर्षाला जेमतेम १५० मिलिमीटर पाऊस.

आमच्या तालुक्यात साधारण तीन ते चार हजार मिलिमीटर पडतो. मी हे आकडे सांगितले की पोरं आधी हसतात. मग मी उदाहरण देतो. तीनशे चौरस फुटांचं एक छप्पर घ्या. पेट्रात त्यावर वर्षाला चार हजार लिटरच्या आसपास पाणी पडेल. कर्जतला, कमीत कमी धरलं तरी, ऐंशी हजार लिटरच्या वर. त्यांनी चार हजारावर शहर चालवलं. आमच्याकडे ऐंशी हजारांतलं मेपर्यंत एक कळशीभरही उरत नाही.

सकाळी ९.००

कामाला सुरुवात. पंप वर आणायचा नाही असं मी ठरवलेलं आहे. वजन, डिझेल, धूर, आणि मुख्य म्हणजे पंपाने पाणी जातं, गाळ राहतो. माणसांची रांग लावायची. आतले दोघं भरतात, कडेवरचे ओढतात, बाकीचे घमेलं पुढे देतात. वरचं बरं पाणी आधी ड्रममध्ये काढून ठेवलं. ते फेकायचं नाही, शेवटी भिंती धुवायला लागतं.

पहिला थर आपला, आजच्या माणसांचा. पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, एक चप्पल, सेल्फी काठीचा तुकडा, नारळाच्या करवंट्या, कुंकवाच्या पिशव्या. भक्त आणि पर्यटक दोघांचीही हजेरी सारखीच. त्याखाली कुजलेला पालापाचोळा, काळा, वास असा की आतला पोरगा दोन मिनिटांनी वर बघतो. मावशींनी त्याला पदराने नाक बांधायला सांगितलं. त्याच्याकडे पदर नव्हता, मग फडकं उतरवलं.

पाल्याखाली खरा गाळ सुरू होतो. लोण्यासारखा मऊ, राखाडी, बोटांत धरला तर कणच लागत नाहीत. हा वाऱ्याने आणि पावसाने कातळावरून आणलेला. फावडं त्यात बुडतं पण वर येताना चोखून धरतं. पोरांचे दंड इथे बोलायला लागतात. मी टेप सोडून दर अर्ध्या तासाने गाळाची जाडी लिहून घेतो. या थरात कधी खापरं सापडतात. गडावरच्या कामाला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि सापडेल ते वेगळं ठेवून दाखवावं लागतं. म्हणून गाळ उतारावर ढकलून द्यायचा नाही. गोणपाटावर पसरायचा, हाताने फोडून बघायचा. पोरांना नाणी हवी असतात. निघतात खापरं.

साडेअकराला फावडं ‘खण्ण’ झालं. तळ लागला. मग ब्रश. तळ धुतल्यावर छिन्नीच्या रेघा दिसतात, तिरप्या, एकसारख्या, कुणाच्या तरी मनगटाच्या लयीत. एका कोपऱ्याकडे तळाला किंचित उतार आहे. शेवटचं पाणी तिथे जमावं आणि वाटीने भरता यावं, असा माझा तर्क.

पोरांसाठी मी आणखी एक हिशेब ठेवलेला असतो. समजा टाकं बारा फूट लांब, दहा फूट रुंद, आठ फूट खोल. सत्तावीस हजार लिटर. गडावर पन्नास माणसं, माणशी दिवसाला पाच लिटर, फक्त पिण्या-शिजवण्याचं. एकशे आठ दिवस. म्हणजे महाशिवरात्रीच्या सुमारास हात लावला तर मृगापर्यंत कसंबसं पुरतं. आणि त्यात दोन फूट गाळ साचू दिला तर सत्तावीस दिवस आधीच संपतं. मे महिन्यातले सत्तावीस दिवस. गाळ किती, हा प्रश्न स्वच्छतेचा नाहीच. तो दिवसांचा प्रश्न आहे.

दुपारी १२.४५

गुहेत सावलीला जेवण. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा, आणि वाटेत तोडलेली करवंदं. पोरांच्या डब्यात पुलाव. देवाणघेवाण झाली.

गप्पा आगोटीवर आल्या. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला आगोटीची बेगमी करतात. चार महिने वाट बंद, ओढे भरलेले, हाताला काम नाही, म्हणून मे महिन्यातच सगळं घरात आणून ठेवायचं. सुके बोंबील, सुकट, कांदे, मिरच्या, मीठ, डाळ, लाकूडफाटा, गोवऱ्या, घरावर पेंढा, भिंतीला कूड. मावशी बोटांवर मोजत होत्या. त्यांची बेगमी झाली होती, फक्त लाकडं राहिली होती.

मी विचारलं, “मावशी, पावसाळ्यासाठी सगळं भरून ठेवता, मग उन्हाळ्यासाठी पावसाळा का नाही भरून ठेवत?”

त्या हसल्या. “कशात ठेवू? तांदूळ कनगीत ऱ्हातो. पानी कनगीत ऱ्हात नाय.”

मला वाटतं सगळा विषय इथेच आहे. बेगमी करण्याची अक्कल या डोंगरांत कमी नाही, उलट शहरापेक्षा जास्तच. चार महिन्यांचा हिशेब ही बाई बोटांवर करते आणि चुकत नाही. वाळवंटातल्या शहराला टंचाई पाण्याची होती, आम्हाला टंचाई आहे ती कनगीची. पाऊस इतका धो धो पडतो की कोणे एके काळी गडकरी आणि भिक्खू सोडून इतरांना तो साठवायची गरजच भासली नाही. जंगल दाट होतं, डोंगर पाणी धरत होता, झरे एप्रिलपर्यंत टिकत होते. जंगल गेलं, झरे फेब्रुवारीतच आटायला लागले, बेगमीची यादी मात्र आजीच्या काळचीच राहिली.

याच कर्जत तालुक्यात कोंदाणे लेणं आहे, इसवी सनापूर्वीचं. तिथेही भिक्खूंनी पावसाळ्यात वर्षावास केला आणि उरलेल्या कोरड्या महिन्यांसाठी टाकी कोरली. मुंबईजवळच्या कान्हेरीला तर टाक्यांच्या काठी दात्यांची नावं कोरलेली आहेत. कुणी व्यापाऱ्याने एक टाकं दिलं, की त्याचं नाव दगडात. ती प्रथा जोरात चालू आहे. नवीन टाकी बांधायला देणगीदार मिळतो, कारण पाटी लावता येते. गाळ काढायला पाटी लागत नाही, म्हणून देणगीही मिळत नाही.

दुपारी १.४५

टाक्याच्या वरच्या अंगाला कातळात चर आहे. पाणी आत आणायला एक आणि बाहेर काढायला एक, असे दोन. बाहेरचा मातीने बुजला होता. पहिल्या पावसाचं पाणी सगळी घाण घेऊन येतं, ते टाक्यात जाऊ द्यायचं नसतं. दोन-चार सरी बाहेर काढून मग वाट फिरवायची. हे काम अर्ध्या तासाचं, पण हेच विसरतात.

पाणी बाहेर काढणं हे पाणी आत घेण्याइतकंच जुनं शास्त्र. पेट्रात शिरायची वाट म्हणजे सिक नावाची अरुंद घळ. वाळवंटातला पाऊस क्वचित, पण पडला की लोंढा. नबातियनांनी घळीच्या तोंडाशी बांध घालून आणि डोंगरातून बोगदा पाडून तो लोंढा वळवला होता. शतकानुशतकं कुणी लक्ष दिलं नाही, बांध निकामी झाला, आणि १९६३ मध्ये त्या घळीत अचानक पूर येऊन वीसहून अधिक पर्यटक बुडाले. त्यानंतर बांध पुन्हा उभा केला.

ही गोष्ट मी सांगतो तेव्हा पोरं नकळत नैर्ऋत्येकडे बघतात. तिकडे खालापूर तालुक्यात इर्शाळगड. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या अंगावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. त्याच डोंगराच्या पायथ्याशी मोरबे धरण, नवी मुंबईचं पिण्याचं पाणी. जुलैत पाणी माणसं नेतं आणि मेमध्ये माणसं पाणी आणायला जातात, एकाच डोंगरावर. दरड ही काही चर खोदून थांबत नाही, तसा दावा कुणी करू नये. पण उतारावरच्या वस्तीत पाण्याला वाट करून देणं हे ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीत अजूनही पंधराव्या क्रमांकाच्या खाली असतं.

दुपारी ३.३०

उतरून ठाकूरवाडीत. गावात टँकर येऊन गेलेला, म्हणजे विहिरीत ओतून गेलेला. टँकरचं पाणी थेट हंड्यात देत नाहीत, विहिरीत सोडतात, आणि मग बायका कळश्या सोडून तेच पुन्हा वर ओढतात. विहिरीला तडे असतील तर टँकरचं पाणी जमीन पिते. मे महिन्यात जमीनसुद्धा तहानलेलीच असते, तिला दोष द्यायचा कसा?

निम्म्या घरांना कड्या. ही कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, आता आठ-दहा दिवसांत परततील. खालच्या कातकरीवाडीत तर जवळपास सगळेच गेलेले. सरकारी कागदावर याला स्थलांतर म्हणतात आणि ते थांबवायच्या योजना असतात. मला त्यात पिळवणूक दिसतेच, उचलीचं कर्ज, मुलांची सुटलेली शाळा. पण त्याचबरोबर हेही दिसतं की उन्हाळ्यात वाडीची तोंडं निम्मी होतात म्हणूनच उरलेल्या पाण्यात उरलेली माणसं जगतात. डायोडोरस सांगतो, सुरुवातीचे नबातियन घर बांधत नव्हते, पेरणी करत नव्हते. बांधाल तर अडकाल, असा त्यांचा नेम. कच्छमधलं धोलावीरा बघा. मनहर आणि मानसर या दोन पावसाळी ओढ्यांच्या मधे, ओढे अडवून दगडी तलाव भरणारं हडप्पाकालीन शहर. ते संपत आलं तेव्हा शेवटचे लोक भव्य तटबंदीत नाही, साध्या गोल झोपड्यांत राहत होते. शहरं टिकली असं आपण म्हणतो. पुष्कळदा शहर लहान झालं, पांगलं, आणि माणसं टिकली.

दुपारी ४.१५

शाळेजवळ फेरोसिमेंटचं टाकं आहे, वीस हजार लिटरचं. देणगीदाराची पाटी आहे. झाकण तुटलेलं, पन्हळ निखळलेली, आत हातभर गाळ आणि एक बेडूक. पोरं थकलेली, तरी उतरली. इथे इतिहास नव्हता, पण मावशींनी काकडी कापून ठेवली होती.

पन्हळ बसवताना मी हिशेब मांडला. शाळेचं छप्पर सहाशे चौरस फूट. जूनच्या अखेरीस दोन-तीन दिवस मुसळधार लागली की टाकं भरून वाहणार. पुढचा सगळा पावसाळा वाया. वाडीत माणसं दीडशे धरली, माणशी पाच लिटर, तर वीस हजार लिटर पुरतात सव्वीस दिवस. आता प्रश्न एवढाच, सव्वीस दिवस कोणते?

टाकं बांधलं त्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. ऑक्टोबरात तोंडाशी पाणी, मग विहिरीवर कशाला जायचं? दिवाळीच्या आत टाकं कोरडं.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. गड कसा राखावा हे त्यात सांगताना पाण्यावर एवढं बारीक लिहिलंय की वाचताना एखादा म्हातारा किल्लेदार समोर बसलाय असं वाटतं. गड बांधायच्या आधी पाणी बघा. एकाच झऱ्यावर विसंबू नका, युद्धात तोफांच्या दणक्याने झरा आटू शकतो. आणि साठ्याची म्हणून दोन-चार टाकी वेगळी भरून ठेवा, त्यांतलं पाणी खर्चू देऊ नका. खोदाईच्या आधी हा नेम आहे. छिन्नी कुणालाही चालवता येते. ऑक्टोबरात भरलेल्या टाक्याकडे बघून मागे फिरणं, हे अवघड. किल्ल्यावर त्यासाठी हवालदार होता. वाडीत कोण?

मी म्हटलं, “कुलूप लावू. एक मेपर्यंत उघडायचं नाही.”

बापे माणसांनी लगेच माना डोलावल्या. बायका गप्प. मग मावशी म्हणाल्या, “कुलूप लावा. पन किल्ली कोनाकडं? ज्याच्याकडं किल्ली, त्याच्या घरी पावना आला की टाकं उघडनार.” सगळे हसले, आणि एक गृहस्थ जरा जास्तच हसले. दुसरी बाई म्हणाली, सरपंचांकडे नको, शाळेच्या गुरुजींकडे नको, गुरुजी मे महिन्यात गावी जातात. हे मला सुचलं नव्हतं. किल्ली सुट्टीवर जाते.

शेवटी ठरलं ते असं की कुलपं दोन लावायची, किल्ल्या दोन आळ्यांतल्या दोन बायकांकडे, दोघी असल्याशिवाय टाकं उघडणार नाही. गाळ दर मेमध्ये काढायचा, प्रत्येक घराने एक दिवस माणूस द्यायचा. नाही दिला तर?

“त्याचं नाव फळ्यावर,” शाळेतली एक मुलगी म्हणाली.

संध्याकाळी ६.३०

परतीला राजनाल्यापाशी टेम्पो थांबवला. पोरांनी हातपाय धुतले, दोघं पाण्यातच बसली. शेजारच्या खाचरात उन्हाळी भाताची झोडणी आटपत आलेली. शेतकऱ्याने ‘कर्जत’ जातीचं भात दाखवलं, इथल्याच भात संशोधन केंद्रावर काढलेलं वाण. पोरांना स्टेशनवर सोडलं. पुढच्या रविवारी पुन्हा येतो म्हणाली. कुठे, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर वाडीतल्या विहिरीचं नाव सांगावं लागलं असतं.

रात्री ८.४५

हजेरी लिहायची वेळ. नाव, काम, दिवस, सही किंवा अंगठा. आज शाळेच्या टाक्यासाठी नवीन वही काढली. घराचं नाव, कोण आलं, किती घमेली.

नेगेवच्या वाळवंटात शिवता नावाचं ओसाड गाव आहे. दीड हजार वर्षांपूर्वी नांदतं होतं, द्राक्षं पिकवत होतं, वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपासच्या पावसावर. घराघरातून टाकी आणि गावाच्या मधोमध दोन मोठी सार्वजनिक कुंडं. तिथे खापरांचे तुकडे सापडले, वर ग्रीक अक्षरांत पावत्या. अमक्याने कुंडाच्या कामाची आपली पाळी पुरी केली, असा मजकूर. वाळवंटातल्या शहरांची, कमानींची, मंदिरांची चित्रं मी पुष्कळ पाहिली, पण मला सगळ्यात भरवसा वाटला तो या खापरांवर. कुंड बांधणाऱ्याचं नाव तिथे कुणी जपलं की नाही, ठाऊक नाही. गाळ काढणाऱ्याचं जपलं होतं, आणि तेही अशासाठी की त्याला कुणी दुसऱ्यांदा बोलवू नये!

रात्री ९.२०

फोन. मावशींचा नातू, मागे मावशींचा आवाज. नातू म्हणाला, “आजी म्हनते, एक मे नको. अक्षय्यतृतीयेला उघडायचं.”

मी म्हटलं, तिथी मागेपुढे होते, कधी एप्रिलच्या वीस तारखेच्या आसपास येते. सव्वीस दिवस धरले तर मेच्या मध्यालाच टाकं रिकामं. मृगाला तेव्हा तीन आठवडे असतात.

पलीकडे बोलणं झालं. मग नातू म्हणाला, “आजी म्हनते, तारीख बायांच्या ध्यानात ऱ्हात नाय, सण ऱ्हातो. लवकर आला तर तीन लिटर घेऊ.”

मी कागद ओढला. तीन लिटरने चव्वेचाळीस दिवस होतात. वीस एप्रिलपासून धरलं तर जूनची दोन तारीख. पाच दिवस कमी पडतात.

“विचार आजीला, त्या पाच दिवसांचं काय?”

“ती म्हनते, तुमचा टँकर कशाला हाय?”

वहीत लिहिलं: कुलपं दोन, किल्ल्या दोन, उघडणं अक्षय्यतृतीयेला, माणशी तीन लिटर, टँकर शेवटचे पाच दिवस. खाली उद्याचं काम. चौककडची विहीर, कठडा तुटलेला, सहा बादल्या जास्त न्यायच्या.